एका पोरीची मराठी बॅच

आमच्या पोरीनं जन्मातलं पहिलं अख्खं वाक्य ऐकवलं ते भाजीवाल्याला. साडेचार वर्षांची होती तेव्हा. लातुरात आमच्या गल्लीत सकाळी त्याचा गाडा आला होता, मी मेथीच्या जुड्या खालीवर करून बघत होते, पोरगी माझी ओढणी धरून उभी होती. एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ भाई, पीछे देख, पीछे! लूट लेगा!" भाजीवाला दचकून मागं वळला. मागं एक गाय त्याच्या गाड्यावरचा फ्लॉवर ओढून खात होती.

त्यानं गाय हाकलली, पोरीच्या हातात एक गाजर ठेवलं आणि मला म्हणाला, "लई हुशार लेकरू हाय की मॅडम. हिंदी शाळेत घातलं का?"

मला हसावं का रडावं कळेना. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं कान टवकारून बसले होते ते आलं. तेही हिंदीत, तेही परक्या माणसाला, तेही फ्लॉवरसाठी. मला तिनं अजून "आई, भूक लागली" एवढंही म्हटलं नव्हतं. मी मेथी न घेताच घरात आले, दार लावलं आणि चांगली पाच मिनिटं रडले. मग मेथी राहिली म्हणून डोळे पुसून परत बाहेर गेले.

आधीचं सांगते, म्हणजे मी उगीच रडत नव्हते हे कळेल. मी कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. लातुरात हे ऐकून कुणी भुवई सुद्धा वर करत नाही. इथं ज्या घरात शिकवणारं कुणी नाही, त्या घरात शिकणाऱ्यांची मेस तरी असतेच. आमचे हे नांदेडला सरकारी नोकरीत. शनिवारी एसटीनं येणार, सोमवारी पहिल्या गाडीनं जाणार. म्हणजे आठवडाभर घर दोघींचंच, पोरगी आणि मी. आणि त्यातली एक बोलेना.

तीन वर्षांची झाली तरी तिचा सगळा कारभार बोटावर चालायचा. पाणी पाहिजे, बोट. भूक लागली, बोट. नको असलं की तेच बोट डावीउजवीकडं हलवायचं. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ वर करायला लावली, खेळणी देऊन बघितली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. ऐकू येतंय, समजतंय. बोलेल."

"पण कधी?"

"तिला वाटेल तेव्हा."

असलं उत्तर लातुरात चालतं का? इथं काहीही असो, किती दिवसांत येणार हे आधी सांगावं लागतं. मी फाईल उचलून घरी आले आणि दिवसभर त्या डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली.

मग उपाय सुरू झाले. माझ्या आईनं वेखंड पाठवलं, ते उगाळून मधातून जिभेवर लावायचं. शेजारच्या चाचींनी दर्ग्यातली साखर आणून तिला चाटवली. ह्या चाची म्हणजे आमच्या गल्लीचा आधार. घराला घर लागून, भिंत एकच, आणि त्या भिंतीपलीकडं त्यांचं शिलाई मशीन दिवसभर चालतं. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज त्यांच्याकडं, आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्याही. सासूबाई मुखेडला. त्यांचं म्हणणं, लेकराला पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घातला की जीभ सुटते. बरं, नुसतं सांगून थांबतील तर त्या सासूबाई कसल्या? त्यांनी असा पेरू शोधला, रुमालात बांधला आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून दिला. मी रुमाल सोडला. माझी बायोलॉजी काही मला गप्प बसू देईना. लगेच सासूबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, ह्याच्यावर चोचीची खूण दिसत नाही. दात आहेत हे. वटवाघळानं खाल्लाय."

"मग काय झालं? ते काय मुकं असतंय व्हय?"

पेरू मी गुपचूप कचऱ्यात टाकला आणि "खाल्ला हो, आवडीनं खाल्ला" असं सांगितलं.

मग कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. होस्टेलं रिकामी झाली, पोरंपोरी बॅगा घेऊन गावी गेली आणि क्लास मोबाईलवर आला. मी स्वयंपाकघरात फ्रीजला फळा टेकवून पचनसंस्था शिकवू लागले. मागं कुकर. शिट्टी झाली की पोरं खाली लिहायची, "मॅडम, तिसरी झाली, गॅस बारीक करा." आमचे हे तिकडं नांदेडला अडकलेले. पोरगी इकडं मोकाट, फळ्यावरचं जठर पुसून टाकणार, नाहीतर मोबाईलपुढं येऊन सगळ्या वर्गाला बोट दाखवणार. काय करावं माणसानं? जुना मोबाईल तिच्या हातात दिला. ह्यांनी तिकडून फोनवर सल्ला दिला, त्यात एखादा खेळ टाकून दे, लेकरं गुंग होतात. मी टाकला. दोष द्यायचा तर दोघांनाही द्या, पण मला जरा कमी द्या, कुकर माझ्याकडं होता.

खेळ असा. एक बेट. चार-चार जणांची टोळी करायची. बेटावर पळायचं, लाकडं, दगड, खाणंपिणं गोळा करायचं, झोपडी बांधायची आणि दुसऱ्या टोळ्यांपासून ती राखायची. कुणी पडलं तर आपल्यातल्या कुणीतरी जाऊन त्याला उठवायचं, नाहीतर ते बाद. आणि मुख्य म्हणजे टोळीतले चौघं कुठं कुठं बसलेले असले तरी एकमेकांशी बोलू शकतात. हे मुख्य तेवढं मला वर्षभर माहीत नव्हतं. तिच्या कानात वायर, माझ्या कानात वायर. ती दिवाणाच्या मागं, मी फ्रीजच्या पुढं. मला वाटायचं, पोरगी चित्रं बघत बसलीय.

भाजीवाल्याचा प्रकार झाला त्या दिवशी मी चाचींना जाऊन सांगितलं. त्या मशीन थांबवून मनसोक्त हसल्या.

"आज पता चला तुमको, टीचर? वो तो रोज बोलती. इधर मेरी मशीन चलती, उधर उसका मुँह चलता. दीवार पतली है ना."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला दहा मिनिटांची सुट्टी दिली, कानातली वायर काढली आणि पाय न वाजवता दिवाणापाशी गेले. मागून आवाज येत होता, "रुक रुक रुक, अभी मत जा. मैं आ रही. मेरे पास पट्टी है. तेरे को बोला था ना, पुल पे नहीं जाने का?" पलीकडं भोपाळकडचा कुणी पोरगा होता हे नंतर कळलं, त्याला ती झापत होती. माझ्याच सुरात झापत होती, हेही माझ्या लक्षात आलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. आनंदही झाला आणि संतापही आला, दोन्ही एकदम. म्हणजे जीभ होती, वाक्यं होती, त्यात राग होता, माया होती. फक्त घरच्यांच्या वाट्याला काही नव्हतं.

त्यानंतर तिचं हिंदी घरात सांडायला लागलं, पण तेही फक्त गरजेपुरतं आणि कुणाकडं न बघता. गाड्या सुरू झाल्यावर सासूबाई मुखेडहून आल्या. नातीला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली, चार गोष्टी सांगितल्या. नात ऐकत राहिली, बोलली काही नाही. दुपारी जेवून सासूबाई दिवाणावर आडव्या झाल्या आणि तोंड उघडं टाकून झोपल्या. पोरगी दहा सेकंद त्यांच्याकडं बघत राहिली आणि ओरडली, "दादी नॉक हो गयी! रिवाइव दो, रिवाइव दो!" आणि चढली की त्यांच्या छातीवर!

सासूबाई धडपडून उठल्या. "आगं बया! काय झालं? भूकंप झाला का?"

मी पोरीला खाली ओढलं, आत्याबाईंना पाणी दिलं आणि समजावलं की खेळात कुणी पडलं की असं म्हणतात, ती तुम्हाला वाचवून राहिली होती. त्यांना वाचवल्याचं काही नव्हतं. त्यांना वेगळंच लागलं होतं.

"दादी म्हणली का मला ती? मी काय पिच्चरमधली हाय का? एवढ्या गाड्या बदलून आले मी तिच्यासाठी. आजी म्हण की गं माय, एकदा आजी म्हण."

पोरीनं बोट डावीउजवीकडं हलवलं. सासूबाई हसल्या, पण नंतर पदर डोळ्याला लावलेला मी बघितला. त्या गावी गेल्यावर मी रात्रभर तळमळत होते वगैरे असं काही सांगत नाही, मला पडल्या पडल्या झोप लागते. पण सकाळी उठल्या उठल्या डोक्यात तेच. मला तिचं भाषण नको होतं, कविता नको होती. दिवसभरात काय झालं ते तिनं संध्याकाळी माझ्यापाशी बसून सांगावं, "आई, माहितीये का," असं म्हणून काहीतरी फालतू सांगावं, एवढंच पाहिजे होतं. ते सगळं भोपाळला जात होतं.

मग मी लातूरच्या माणसानं जे करायचं तेच केलं. बॅच सुरू केली.

हसू नका. ह्या गावात पोरगं गणितात कच्चं असलं की बॅच, इंग्रजीत कच्चं असलं की बॅच, आणि कशातच कच्चं नसलं तरी अजून पुढं जावं म्हणून बॅच. मी स्वतः ह्यातच वाढले, ह्यावरच जगते. मला दुसरं काही सुचलंच नाही. खेळ बंद केला, मोबाईल कपाटात गेला आणि भिंतीवर टाइमटेबल लागलं. सकाळी साडेसात ते आठ, नामं. संध्याकाळी सहा ते साडेसहा, क्रियापदं. रोज दहा चित्रं, रविवारी टेस्ट. बोलायची भाषाही मी ठरवून घेतली. मी पहिल्यांदा लातुरात शिकायला आले तेव्हा माझं "न्हाई" आणि "हितं" ऐकून वर्गातल्या पोरी हसायच्या, ते मी विसरले नव्हते. माझ्या पोरीवर कुणी हसायला नको. म्हणून मी तिच्याशी अगदी पुस्तकासारखं बोलायची, "बाळ, हे काय आहे? नीट बघून सांग बरं." माझं खरं मराठी मी माहेरी फोनवर बोलायला आणि भांडायला ठेवलेलं होतं.

टेस्टला मी खरीखुरी ओएमआर शीट वापरली. क्लासमध्ये उरलेली होती. एका चित्राला चार गोल, मी शब्द उच्चारायचा, तिनं बरोबर चित्राखालचा गोल काळा करायचा. पहिल्या रविवारी तिनं सगळ्याच्या सगळ्या चित्रांचे चारही गोल काळे केले आणि बाजूला पाचवा काढून तोही केला. दुसऱ्या रविवारी गोलांना डोळे आणि मिशा आल्या. मी निकाल लावला. बॅचमध्ये विद्यार्थिनी एकच, तरी ती दुसरी आली. पहिला नंबर द्यावा असं तिचं काही नव्हतंच, तो मी रिकामा ठेवला.

शनिवारी हे आले, भिंतीवरचा निकाल बघितला, पायातल्या चपला बाहेर काढून परत आत आले, हात जोडून.

"नमस्कार मॅडम. पालक मेळाव्याला आलोय."

"चेष्टा नको हं."

"चेष्टा कसली? आमच्या पोरीची काळजी लागली म्हणून आलो. घरी तिच्याकडं कुणी बघतच नाही हो. बाप नांदेडला आणि आई क्लासवाली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग बघा की तुम्ही! या बदली करून! आठवड्यातून दीड दिवस यायचं, लेकराला गोळ्या-बिस्किटं द्यायची आणि वर नावं मलाच ठेवायची!" ते गडबडले, "आगं, गंमत केली," म्हणाले आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात पळाले. पोरगी दाराआडून आमच्याकडं बघत होती. तिनं बोट सुद्धा उचललं नाही.

ते माझ्या त्याच वेळी लक्षात यायला पाहिजे होतं. आलं आठवड्यानं. खेळ बंद झाल्यापासून तिचं हिंदी गेलं होतं, मराठी आलं नव्हतं, आणि आता बोटही गेलं होतं. पाणी पाहिजे असलं तरी मागत नव्हती. स्टूल ओढायची, वर चढायची, स्वतः घ्यायची. चित्र समोर धरलं की माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायची. मी घाबरले. आतापर्यंत नुसती चिडत होते, आता खरंच घाबरले. होतं ते सुद्धा मी माझ्या हातानं घालवलं, असं वाटायला लागलं, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

अशा एका संध्याकाळी क्रियापदांच्या वेळेला चाची माझा शिवलेला ब्लाउज घेऊन आल्या. मी चित्रं दाखवत होते. "हा मुलगा काय करतो आहे? बघ. काल सांगितलं होतं ना? मग? आणि ही मुलगी? ही काय करते?" चाची दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पोरगी उठून आत गेल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या.

"टीचर, बुरा नक्को मानो. तुम बच्ची से बात कब करते?"

"दिवसभर तिच्याशीच बोलते की, चाची! घसा बसला माझा."

"नै. तुम पूछते. बस पूछतेच रहते. और जवाब तुमको पहलेच मालूम रहता. तो वो कायकू बोलेगी?"

मला असा राग आला म्हणता! ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं मला शिकवायचं कसं ते शिकवावं? वरवर "हो, हो" म्हटलं, त्यांना चहा दिला, निरोप दिला आणि भांडी जरा आदळूनच घासली. पण दुसऱ्या दिवशी काय झालं, की मी जे जे बोलेन ते मलाच ऐकू यायला लागलं. उठलीस का? दात घासले का? हे काय? हा कोणता रंग? किती आहेत? कुणी सांडलं? संध्याकाळपर्यंत मी पोरीशी प्रश्नचिन्हाशिवाय एकच वाक्य बोलले होते, "पंख्यात बोट घालू नको."

आणि तेव्हा मला शेडमधले दिवस आठवले. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्याकडं भूकंप झाला. औशाच्या पलीकडचं आमचं गाव. घर बसलं, गोठ्यातली देवणी गाय गेली. आमच्या घरातली माणसं वाचली, गावातल्या सगळ्यांची वाचली नव्हती. पुढं कितीतरी दिवस आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले आणि तिथं विचारणाऱ्यांची रांग लागली. मोठ्या शहरांतून चांगली चांगली माणसं यायची, हातात वही, आमच्यापुढं गुडघ्यावर बसायची आणि गोड आवाजात म्हणायची, "बाळ, तुझं नाव काय? काय काय पडलं? भीती वाटली का?" आधी आम्ही सांगितलं. मग रोज तेच तेच सांगून इतका वीट आला, की आम्ही पोरांनी ठरवलं, तोंडच उघडायचं न्हाई. वहीवाले हळहळायचे, "धक्क्यानं मुलांची वाचा गेलीय हो." धक्का कशाचा आलाय! कंटाळा आला होता.

त्याच दिवसांत स्वयंपाकाच्या तंबूत उत्तरेकडचा एक जवान होता. मी तिथं घुटमळताना बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "ए, खाली खड़ी है? ये परात पकड़." मी धरली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नमक ला." मी सोडा नेला. त्यानं चव घेतली, तोंड वाकडं केलं, हसला आणि मला परत पाठवलं. त्यानं माझं नाव विचारलं नाही, भीतीचं विचारलं नाही. त्याला माझी गरज होती, कारण पीठ डोंगराएवढं आणि हात दोनच. वहीवाल्यांपुढं मुकी असलेली मी महिन्याभरात त्याच्याशी हिंदीत भांडत होते, पुऱ्या वाकड्या लाटतो म्हणून. हे मी विसरलेच कशी होते? माझी पोरगी दिवाणामागं बसून दुसरं काय करत होती? तिकडं तीन पोरांना तिची गरज होती. इकडं मला फक्त तिचं उत्तर पाहिजे होतं.

रविवार आला. टेस्टचा दिवस. दुपारी जेवणं झाली, हे तिकडं नांदेडलाच होते, काही काम निघालं होतं. मी ओएमआरचा गठ्ठा वर माळ्यावर टाकला, कपाटातून जुना मोबाईल काढला आणि पोरीपुढं ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. माझ्याकडं संशयानं बघत राहिली. टेस्टचाच काही नवा प्रकार असणार, असं तिला वाटलं असावं. मी माझा मोबाईलही तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "मला पण खेळायचंय. मला काही येत नाही ह्यातलं."

मग तिनं माझा मोबाईल उचलला, खटाखटा बोटं मारली, मला एक निळा सदरा घातला, तिच्या टोळीत ओढलं आणि मोबाईल परत माझ्या हातात दिला. दिवाणावर आम्ही कानात वायरी घालून एकमेकींकडं तोंड करून बसलो.

बेटावर उतरल्या उतरल्या मी पाण्यात गेले. तिथून कशीबशी निघाले तर झाडात अडकले. डावीकडं जायला गेले की आकाश दिसायचं. मागून कुणीतरी धावत आलं आणि माझ्या अंगावर काहीतरी आदळलं. माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं पळालं. "आगं, कुठं गेलीस गं? मला काय बी दिसंना! ह्यो मागं कोण लागलाय मेला? आगं मारून राहिला की मला!" असं मी खरोखरच्या आवाजात ओरडले. चाचींचं मशीन थांबलं. कानातल्या वायरमधून त्या भोपाळच्या पोराचा आवाज आला, "ये आंटी कौन है यार? निकालो इसको, सबको मरवा देगी."

आणि मी पडले. पडद्यावरही पडले आणि मनातूनही. वीस पोरांचे मेडिकलला नंबर लावणारी बाई मी, आणि एक शेंबडं पोरगं मला बाहेर काढायला निघालं होतं. डोळ्यांत पाणी आलं, आता खोटं कशाला सांगू? मोबाईल फेकून द्यावा आणि उठून जावं असं वाटलं.

तेवढ्यात समोरून पोरगी वायरमध्ये म्हणाली, "चुप बैठ तू. मेरी आई है. आज पहला दिन है उसका."

मग तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, भिऊ नको. मी येऊन राहिले. हितंच थांब."

मी थांबले. दुसरं काही करणं मला शक्यच नव्हतं. ती पडद्यावर लांबून पळत आली, मला उठवलं, कुठलीशी पट्टी दिली. पाच मिनिटांनी मी परत पडले. ती परत आली. तिसऱ्यांदाही आली. "काल सांगितलं होतं ना" नाही, "नीट बघ" नाही. "पहिल्यांदा कुणालाच येत न्हाई," एवढंच म्हणाली आणि माझा अंगठा धरून बरोबर जागी ठेवला. तिचं सगळं मराठी माझ्याच तोंडचं होतं. तेच न्हाई, तेच हितं, मी भांडताना, माहेरी फोनवर बोलताना तिनं सगळं ऐकून ठेवलं होतं. मी शिकवलेल्या चित्रांतला एकही शब्द त्यात नव्हता.

मग तिनं मला सोपं काम दिलं, लाकडं गोळा करायचं. ती पुढं, मी मागं, बेटावर शांत होतं. चालता चालता, मोबाईलवरची नजर न काढता ती म्हणाली, "आई, माहितीये का, ह्या भोपाळवाल्याच्या घरी कुत्रीला पिल्लं झाली."

किती? कोणत्या रंगाची? डोळे उघडले का? सगळे प्रश्न रांग लावून जिभेवर येऊन उभे राहिले. शिकवण्यात एवढी वर्षं घालवली मी, पण तोंड मिटून बसणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. मी लाकूड उचललं आणि नुसतं म्हणाले, "हाव का?"

"हाव," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं रंग तिनंच सांगितला.